दोन विमानतळांमधलं अंतर एकच, मग जायला सात तास आणि यायला सव्वाआठ का?

प्रश्न असा आहे: न्यूयॉर्कचं जेएफके आणि लंडनचं हीथ्रो यांच्यातलं अंतर एका ठिकाणी ५,५४० किमी दिसतं, दुसऱ्या ठिकाणी ५,५५५. सोबत उड्डाणाचा वेळ साडेसहा-पावणेसात तास असा दिलेला असतो. तिकिटावर मात्र लंडनला जाताना सात तास आणि परत येताना सव्वाआठ. यातलं खरं कोणतं, आणि आपलं आपण काढायचं झालं तर कसं काढायचं?

आधी सरळ उत्तर. दोन्ही अंतरं बरोबर आहेत आणि तिकिटावरचे दोन्ही वेळही बरोबर आहेत. फसवा आहे तो मधला साडेसहा-पावणेसात तासांचा आकडा, कारण तो अंतराला एका ठरावीक वेगाने भागून काढलेला असतो. मी वीस वर्षं फ्लाइट डिस्पॅचर म्हणून काम करते. विमान कुठल्या वाटेने, किती उंचीवरून आणि किती इंधन घेऊन जाणार याचा आराखडा करणं हे आमचं काम. त्या टेबलावर पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट डोक्यात बसवावी लागते: विमान जमिनीवरून किती पुढे जातं हे एक अंतर, आणि ते हवेतून किती कापतं हे दुसरं. वेळ आणि इंधन दोन्ही ठरतात ते दुसऱ्यावरून. अंतर दाखवणारी साधनं फक्त पहिलं दाखवतात.

५,५४० आणि ५,५५५ यांचा उलगडा सोपा आहे, म्हणून तो आधी उरकते. पृथ्वी पूर्ण गोल धरली, सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी घेतली, तर उत्तर ५,५४० येतं. पण पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी आहे. विषुववृत्ताशी त्रिज्या सुमारे ६,३७८ किमी, ध्रुवांशी सुमारे ६,३५७. जीपीएस ज्या मापावर चालतं त्या डब्ल्यूजीएस ८४ या लंबगोलावर हिशेब केला की तेच अंतर ५,५५५ च्या आसपास जातं. फरक पंधरा किमीचा, म्हणजे पाव टक्क्याच्या जरासा वर. गोल धरून केलेला हिशेब फार तर अर्ध्या टक्क्याने चुकतो, म्हणून तुमच्या कामासाठी त्यात जीव अडकवू नका. विमानाला इतक्या अंतरासाठी एक मिनिट लागतं.

हा हिशेब कॅल्क्युलेटरवर करता येतो, आणि एकदा तरी करून बघावा, कारण मग आकड्यांची भीती जाते. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. जेएफके ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. हीथ्रो ५१.४८ उत्तर, ०.४६ पश्चिम. रेखांशांतला फरक ७३.३२ अंश. आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा: ०.५०९६. मग दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार, आणि त्याला रेखांशाच्या फरकाच्या कोसाइनने गुणा: ०.१३५६. दोन्हींची बेरीज ०.६४५२. ज्या कोनाचा कोसाइन हा आकडा आहे तो कोन ४९.८२ अंश. पृथ्वीच्या केंद्रातून पाहिलं तर या दोन विमानतळांमध्ये एवढा कोन आहे. एका अंशाला १११.२ किमी, म्हणून झाले ५,५४०. फार जवळच्या दोन ठिकाणांसाठी ही रीत दगा देते. कोसाइन १ च्या इतका जवळ जातो की शेवटचे आकडे गळतात. म्हणून संगणकात सहसा हॅव्हरसाइन नावाची त्याचीच दुसरी मांडणी वापरतात. हातानं करायला वरची बरी.

त्याच कोनाला ६० ने गुणलं की २,९८९ नॉटिकल मैल येतात. नॉटिकल मैलाची मूळ कल्पनाच ही आहे: एका अंशाचा साठावा भाग, आज नेमका १.८५२ किमी. इथे बरेच जण घसरतात. साधा मैल १.६०९ किमीचा आणि नॉटिकल १.८५२ चा, आणि साधनांवर दोन्हींना नुसतं ‘मैल’ म्हटलेलं असतं. दोन स्रोतांत अंतराचा फरक पंधरा टक्के दिसला की मी आणखी काही तपासायला जात नाही.

अंतर कुठून कुठे मोजतात हाही प्रश्न लोक विचारतात. टर्मिनलच्या दारापासून नव्हे. प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू जाहीर केलेला असतो आणि तो साधारण धावपट्ट्यांच्या मधोमध असतो. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे तुम्ही योग्य विमानतळ घेतला आहे का ते बघणं. टोकियोचे हानेदा आणि नारिता एकमेकांपासून साठेक किमीवर आहेत. स्टॉकहोमच्या नावाने विकलं जाणारं स्काव्हस्टा शहरापासून शंभर किमी लांब आहे. सॅन होजे कॅलिफोर्नियातही आहे आणि कोस्टारिकातही, आणि त्यांचे तीन अक्षरी कोड एसजेसी आणि एसजेओ. शहराचं नाव टाकून अंतर काढू नका, कोड टाका.

आकडा टंकताना काय होऊ शकतं याचं एक उदाहरण आम्ही नव्या मुलांना आवर्जून सांगतो. २०१५ च्या मार्चमध्ये सिडनीहून क्वालालंपूरला निघालेल्या एका विमानात उड्डाणाआधी स्वतःची जागा भरताना १५१ अंश ९.८ मिनिटं या रेखांशाच्या जागी १५ अंश १९.८ मिनिटं गेले. चूक बोटाएवढी, पण विमानाच्या यंत्रणेला वाटलं की आपण आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळच्या समुद्रात आहोत. चूक ११,००० किमीहून जास्त होती. शेवटी ते विमान मेलबर्नला उतरवावं लागलं. घरी बसून अंतर काढताना तुमचं काही बिघडणार नाही, पण पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह द्यायला विसरलात तर उत्तर असंच भलतीकडे जाईल.

आता नकाशा. भिंतीवरच्या नकाशावर न्यूयॉर्क ते लंडन रेघ मारली तर ती सरळ पूर्वेकडे, थोडी वर जाईल. खरा सर्वांत जवळचा मार्ग मात्र बृहद्वृत्ताचा, म्हणजे पृथ्वीच्या केंद्रातून काप घेतल्यावर पृष्ठभागावर उमटणाऱ्या वर्तुळाचा. जेएफकेहून तो ईशान्येकडे निघतो, जवळपास ५३.७ अंश उत्तरेपर्यंत चढतो, म्हणजे लंडनच्याही वर, आणि मग खाली येतो. हे पटत नसेल तर टोकाचं उदाहरण घ्या. ६० अंश उत्तर अक्षांशावर पृथ्वीच्या बरोबर विरुद्ध बाजूंना असलेली दोन ठिकाणं. त्याच अक्षांशावरून पूर्वेकडे गेलं तर सुमारे १०,००० किमी. उत्तर ध्रुवावरून गेलं तर ६,६७० किमी. नकाशावर पहिला मार्ग सरळ दिसतो आणि दुसरा तर काढताच येत नाही, कारण ध्रुव नकाशाच्या वरच्या कडेबाहेर असतो.

पण विमान या सर्वांत जवळच्या मार्गावरून तरी जातं का? जवळपास कधीच नाही. युरोपभर प्रत्यक्ष उडालेले मार्ग बृहद्वृत्तापेक्षा साधारण तीन टक्क्यांनी लांब भरतात. उड्डाण घेताना धावपट्टी ज्या दिशेला असेल तिकडे निघावं लागतं, वळावं लागतं. उतरताना ठरलेल्या वाटेनं, ठरलेल्या रांगेत यावं लागतं. मध्ये लष्करी हद्दी असतात. हे इतकं नेहमीचं आहे की आयकाओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, आपल्या कार्बन गणकयंत्रात बृहद्वृत्ताच्या अंतरात सरसकट भर घालते: ५५० किमीच्या आतल्या उड्डाणाला ५० किमी, ५,५०० पर्यंत १०० आणि त्याहून लांबच्याला १२५. युरोपीय संघाच्या कार्बन हिशेबात सरसकट ९५ किमी धरतात. तुम्ही स्वतः काढणार असाल तर आयकाओची भर उचला, ती बऱ्यापैकी जमते.

कधी कधी मात्र वळसा टक्क्यांत मावत नाही. हेलसिंकी ते टोकियो अंतर सुमारे ७,८०० किमी. रशियाच्या आकाशातून जाता येत होतं तोवर साडेनऊ तासांच्या आसपास लागायचे. २०२२ मध्ये ते आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झालं आणि तोच प्रवास तेरा तासांच्या घरात गेला, काही उड्डाणं तर उत्तर ध्रुवावरून जाऊ लागली. गणकयंत्रावरचं अंतर या सगळ्यात एका मीटरनेही हललं नाही. तिबेटच्या पठाराचं कारण वेगळं. विमानातला हवेचा दाब गेला तर वैमानिकाला लवकर १०,००० फुटांच्या आसपास उतरावं लागतं. प्रवाशांच्या डोक्यावरच्या मास्कमधला ऑक्सिजन बहुतेक विमानांत १२ ते २२ मिनिटं पुरतो, आणि खाली जमीनच १५,००० फुटांवर असेल तर उतरायचं कुठे? म्हणून त्या भागातून जाणारे मार्ग मोजके आहेत आणि त्यांवर सुटकेच्या वाटा आधीच आखलेल्या असतात. पूर्वी दोन इंजिनांच्या विमानांना समुद्रावर विमानतळापासून फार लांब जाता येत नसे, पण १९८५ पासून ती मुभा टप्प्याटप्प्याने इतकी वाढली की अटलांटिकवर तिचा अडसर आज फारसा जाणवत नाही.

इथून पुढे खरी गोष्ट सुरू होते, ती वाऱ्याची.

मध्य अक्षांशांवर, साधारण ९ ते १२ किमी उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे झोतवारे वाहतात, ज्यांना आम्ही सगळे जेट स्ट्रीमच म्हणतो. १०० नॉटचा, म्हणजे ताशी १०० नॉटिकल मैलांचा, वारा ही तिथली रोजची गोष्ट, हिवाळ्यात २०० नॉटपर्यंतही जातो. नेमकी हीच आमची उडण्याची उंची. ३५,००० फुटांवर ध्वनीचा वेग प्रमाण हवामानात सुमारे १,०६७ किमी प्रतितास असतो. लांब पल्ल्याचं मोठं विमान त्याच्या ०.८५ पट वेगानं जातं, म्हणजे ९०५ किमीच्या आसपास. छोटी, एकाच मार्गिकेची विमानं ०.७८ पट, म्हणजे ८३० च्या आसपास. हा वेग हवेतला. खालची जमीन किती वेगाने मागे जाते हे त्या हवेवर अवलंबून. नदीत पोहणाऱ्याला प्रवाह दोन्ही बाजूंना सारखाच लागत नाही, तसंच.

लोकांचा आवडता गैरसमज असा की पृथ्वी पूर्वेकडे फिरते म्हणून पश्चिमेला जाणं लवकर व्हायला हवं, किंवा कुणी नेमकं उलटं सांगतं. वातावरण पृथ्वीबरोबरच फिरतं, विमानही निघण्याआधीपासून तिच्याबरोबर फिरत असतं. त्यामुळे पृथ्वी खालून सरकून जाण्याचा प्रश्नच येत नाही. झोतवारे पश्चिमेकडून पूर्वेकडे का वाहतात यामागे मात्र पृथ्वीचं फिरणं आहे. म्हणजे आरोपी तोच, फक्त गुन्हा त्याने दुसऱ्याकडून करवून घेतला.

आता एक आराखडा जवळून दाखवते. लंडनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानाच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात चार आकडे असतात. समजा ते असे आहेत: जमिनीवरचं अंतर ३,१२० नॉटिकल मैल. हवेतलं अंतर ३,५५४. सरासरी वारा ‘एम ०५८’. हवेतला वेळ ७ तास २९ मिनिटं. एम म्हणजे मायनस, ५८ नॉटचा वारा समोरून. पाठीमागून असता तर ‘पी’ आलं असतं. विमानाचा चढण-उतरणीसह सरासरी हवेतला वेग ४७५ नॉट, त्यातून ५८ गेले, राहिले ४१७. ३,१२० भागिले ४१७, झाले साडेसात तास. त्या साडेसात तासांत विमानाने हवेतून ३,५५४ मैल कापले. लंबगोलावर मोजलेलं बृहद्वृत्त होतं २,९९९ नॉटिकल मैलांचं. म्हणजे कागदावरच्या सर्वांत जवळच्या अंतरापेक्षा विमान साडेपाचशे मैल जास्त उडालं, आणि त्यातले सव्वाशेच वळशाचे होते. बाकीचे वाऱ्याने खाल्ले. मी आराखडा तपासायला घेते तेव्हा सर्वांत आधी नजर हवेतल्या अंतरावर जाते. इंधन त्याच आकड्याला लागतं.

तुम्हाला वाटेल, जाताना वाऱ्याने जेवढं घेतलं तेवढं येताना परत देईल. देत नाही. अंतर ५,५५० किमी, विमानाचा वेग ९०० आणि वारा १५० धरा. वारा नसता तर एका बाजूला ६ तास १० मिनिटं, दोन्ही मिळून १२ तास २०. पाठीमागून वारा असताना १,०५० च्या वेगाने ५ तास १७. समोरून असताना ७५० ने ७ तास २४. बेरीज १२ तास ४१. एकवीस मिनिटं गेली. कारण साधं आहे: समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ असता, म्हणून तो तुम्हाला जास्त वेळ लुबाडतो. जाण्या-येण्याच्या वेळांची सरासरी काढून ‘वारा नसतानाचा वेळ’ मिळत नाही तो यामुळेच.

म्हणूनच डिस्पॅचर जवळचा मार्ग शोधत बसत नाही, स्वस्त हवा शोधतो. लंडन आणि वॉशिंग्टन इथल्या जागतिक हवामान केंद्रांकडून उंचीवरच्या वाऱ्यांचे अंदाज येतात. उत्तर अटलांटिकवर तर त्यांच्यावरून रोज नवे रस्ते आखले जातात. पश्चिमेकडे जाणाऱ्यांचे रस्ते ब्रिटन-आयर्लंडच्या बाजूचं शॅनविक केंद्र जाहीर करतं, पूर्वेकडे जाणाऱ्यांचे कॅनडातलं गँडर. एका दिवशी पश्चिमेचे रस्ते आइसलंडकडे चढलेले असतात, दुसऱ्या दिवशी खाली अझोर्सकडे झुकलेले. शहरं तीच, तिकिटं तीच, पण मंगळवारचं विमान सोमवारच्या विमानापासून शेकडो किमी लांबून जातं.

सर्वांत बोलकं उदाहरण दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोचं. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये एअर इंडियाने हे विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. मार्ग सुमारे १५,३०० किमीचा, आधीच्यापेक्षा तब्बल १,४०० किमी लांब. वेळ साडेचौदा तास, म्हणजे आधीच्यापेक्षा जवळपास दोन तास कमी. अटलांटिकच्या वाटेवर वारा समोरून होता, पॅसिफिकवर पाठीमागून. लांबचा रस्ता लवकर पोहोचवतो हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कोडं वाटतं. हवेतलं अंतर काढलं की कोडं उरत नाही, कारण त्या मापाने पॅसिफिकचाच रस्ता जवळचा होता.

आणि फेब्रुवारी २०२० मध्ये किआरा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग काही काळ १,३०० किमी प्रतितासाच्या वर होता. त्यावर ‘विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला’ अशी वाक्यं फिरली. हवेच्या हिशेबाने विमान रोजच्याच वेगाने चाललं होतं, हवाच धावत होती.

मी स्वतः यात एकदा सणसणीत तोंडावर पडले आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका चार्टर उड्डाणासाठी विक्री विभागाने फोनवर विचारलं, किती वेळ लागेल? मी बृहद्वृत्ताचं अंतर काढलं, वेगाने भागलं, अर्धा तास वर घातला आणि सांगितलं, ५ तास ४०. हिवाळा होता, उड्डाण पश्चिमेकडे होतं. उड्डाणाच्या आदल्या रात्री खरा आराखडा आला तेव्हा आकडा ६ तास ५० होता. सत्तर मिनिटं गेली म्हणून कुणी रडलं नसतं, पण परतीचं उड्डाणही त्याच वैमानिकांनी करायचं होतं आणि आता त्यांची कामाच्या तासांची मर्यादा ओलांडली जात होती. रात्री अकराला दुसरी जोडी शोधायला लागली. वरिष्ठांनी रागावून काही म्हटलं नाही, फक्त विचारलं, ‘महिना कोणता चाललाय?’ तेव्हापासून कुणी वेळ विचारला की मी आधी दिशा आणि महिना विचारते.

आता तिकिटावरचा वेळ. तो हवेतला वेळ नसतो. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात: निघताना चाकांचे ठोकळे निघून विमान जागेवरून हलतं तिथपासून पोहोचल्यावर चाकांना पुन्हा ठोकळे लागेपर्यंत. त्यात दोन्हीकडचं जमिनीवरचं चालणं आलं. जेएफकेला संध्याकाळच्या गर्दीत रांगेत अर्धा तास सहज जातो. ॲम्स्टरडॅमला पोल्डरबान नावाची धावपट्टी टर्मिनलपासून इतकी लांब आहे की उतरल्यावर दहा-वीस मिनिटं विमान नुसतं रस्त्याने चालत राहतं आणि प्रवाशांना वाटतं, आता हे आपल्याला गाडीनेच घरी सोडणार. हीथ्रोला येताना बोव्हिंगडन, लॅम्बर्न, ऑकम किंवा बिगिन इथे हवेत घिरट्या घालाव्या लागतात. हे सगळं ब्लॉक टाइममध्ये धरलेलं असतं.

त्यावर कंपनी आणखी थोडी उशी ठेवते. एका मार्गावरच्या मागच्या काही वर्षांच्या उड्डाणांचे वेळ लावून बहुतेक दिवस निभेल असा आकडा निवडतात. किती दिवस निभायला हवेत हे कंपनीगणिक बदलतं. फार कमी ठेवला तर विमान रोज उशिरा दिसतं, फार जास्त ठेवला तर विमान आणि माणसं फुकट अडकतात. अमेरिकेत ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत पोहोचलेलं विमान वेळेवर धरतात, तेव्हा या उशीला किंमत आहे. उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रकांत एकाच मार्गाचा वेळ वेगळा दिसतो तोही याच हिशेबातून, कारण हिवाळ्यात झोतवारे जोरात असतात. वैमानिकाने ‘आपण वीस मिनिटं लवकर पोहोचतोय’ अशी घोषणा केली की शेजारचा प्रवासी खूश होतो. मी मनात म्हणते, आज उशी वापरली गेली नाही.

वरच्या आराखड्यातले ७ तास २९ घ्या, हीथ्रोवर निघतानाचे वीस आणि जेएफकेला पोहोचल्यावरचे दहा मिनिटं घाला, झाले जवळपास आठ तास. पंधरा मिनिटांची उशी घातली की तुमच्या तिकिटावरचे सव्वाआठ.

घड्याळाच्या बाबतीत एकच सांगते. तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात. न्यूयॉर्कहून संध्याकाळी ६:३० ला निघून लंडनला सकाळी ६:३० ला पोहोचलात, तर बारा तासांतून पाच तासांचा फरक वजा, उरले सात. पण मार्चमध्ये अमेरिकेची घड्याळं दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि युरोपची शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत फरक चार तासांचा होतो आणि हातानं काढलेला वेळ तासाभराने चुकतो. ऑक्टोबरच्या अखेरीसही एक आठवडा असाच येतो. आणि ‘डायरेक्ट’ शब्दाला भुलू नका. उड्डाण क्रमांक एकच असेल तर मध्ये थांबणाऱ्या विमानालाही डायरेक्ट म्हणतात. न थांबणारं हवं असेल तर ‘नॉन-स्टॉप’ बघा.

आता तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग, स्वतः काढण्याचा. न्यूयॉर्क-लंडन घ्या. ५,५४० मध्ये आयकाओचे १२५ घाला, ५,६६५. विमान मोठं, वेग ९००. पूर्वेकडे जातंय, सरासरी वारा पाठीमागून ८० धरा, ९८०. भागाकार ५ तास ४७. चढण, उतरण आणि रांगेसाठी पंधरा मिनिटं: ६ तास २. जमिनीवरचे दोन्हीकडचे मिळून चाळीस: ६ तास ४२. उशीसकट सात. परतीला वरच्या आराखड्यातलाच वारा, ५८ नॉट म्हणजे साधारण १०५, समोरून धरा, आणि अंतरही तिथलंच, ५,७८० घ्या. जमिनीवरचे तिथल्यासारखे तीस धरले की उत्तर आठच्या आसपास येईल, उशी घातली की सव्वाआठ. उत्तर-दक्षिण प्रवासात वाऱ्याची भानगड फारशी नसते, तिथे तो शून्य धरला तरी चालतं. छोट्या अंतरावर, उदाहरणार्थ लंडन ते एडिंबरा, सुमारे ५३५ किमी: ५० घाला, ८०० ने भागा, ४४ मिनिटं, वर दहा चढण-उतरणीची आणि पंचवीस जमिनीवरची. एक तास वीसच्या जवळ, तिकिटावरही साधारण तेवढाच असतो. बघा, जवळपास अर्धा वेळ अंतराशी संबंधच नसलेला आहे.

याचं टोक म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवरचं वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे उड्डाण. अंतर २.७ किमी, वेळापत्रकात दोन मिनिटांच्या आसपास, विक्रम ५३ सेकंदांचा. तिथे वरची रीत लावायला गेलात तर उत्तर जवळपास चाळीस मिनिटं येईल.

एक गोष्ट मात्र बृहद्वृत्ताच्या आकड्यावरच चालते, आणि तिथे तुमचं ५,५४० कामाला येतं. युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमात उशिराच्या भरपाईसाठी १,५०० आणि ३,५०० किमीचे टप्पे आहेत, आणि ते बृहद्वृत्तानेच मोजायचे असतात. मध्ये विमान बदललं असलं तरी पहिल्या ठिकाणापासून शेवटच्या ठिकाणापर्यंत थेट अंतर धरायचं, असं युरोपीय न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. आणि पोहोचण्याची वेळ कोणती? चाकं टेकली ती नाही, ठोकळे लागले तीही नाही. त्याच न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवल्याप्रमाणे, विमानाचं किमान एक दार उघडलं आणि प्रवाशांना उतरण्याची परवानगी मिळाली ती. तेव्हा उशीर झालेल्या विमानात बसला असाल तर उतरताना घड्याळ बघून ठेवा.